तार, बिनतारी आणि एकसरी : यंत्रांच्या संभाषणातील शब्दांचा इतिहास

मागील पावसाळ्यात सीमाभागातील एका मराठी शाळेत विज्ञानाच्या तासाला बसण्याचा योग आम्हांस आला. शिक्षकांनी टेबलावर एक छोटी मायक्रोकंट्रोलरची पट्टी मांडली होती व ती केबलने संगणकाला जोडली होती. 'ही दोन यंत्रे एकमेकांशी सिरीयल पद्धतीने बोलतात,' असे ते म्हणाले, आणि वर्गात हशा पिकला. सिरीयल म्हणजे रात्री साडेसातला घरोघरी लागते ती! शिक्षक हसले, थोडा विचार करून म्हणाले, 'बरे, क्रमिक म्हणू.' त्यावर एका मुलीने विचारले, 'म्हणजे क्रमिक पुस्तकातले क्रमिक का?' तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते, आणि तिच्या भाषेतील दोन्ही शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा जे हाती लागले ते असे की, ही परिभाषा मुळी संगणकाची नाहीच. ती तारायंत्राची आहे. बॉड, डुप्लेक्स, स्टार्ट, स्टॉप, मार्क, ब्रेक हे सगळे शब्द तार कचेरीत जन्मले, वाढले आणि मग संगणकाच्या घरी दत्तक गेले. आणि तार कचेरी ही तर मराठी माणसाच्या पाच-सहा पिढ्यांच्या परिचयाची जागा. मग या शब्दांशी आपली ओळख तुटली कोठे?

हिंदुस्थानात तारेचे पहिले प्रयोग विल्यम ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टराने १८३९ मध्ये कलकत्त्यास केले. पुढे कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली वाट झाली, तिच्या कामात शिवचंद्र नंदी हे बंगाली गृहस्थ ओशॉनेसीचे उजवे हात होते. १८५४ मध्ये आग्र्यापर्यंत व तेथून मुंबईपर्यंत तार पोहोचली आणि १८५५ पासून ती सर्वसामान्य लोकांना पैसे देऊन वापरता येऊ लागली. आग्रा-मुंबई तार जुन्या आग्रा रस्त्याच्या वाटेने ग्वाल्हेर व इंदूर करीत आली. म्हणजे शिंद्यांची आणि होळकरांची राजधानी या दोन्ही मराठी दरबारांच्या गावांनी हे नवल पहिल्या फेरीतच पाहिले. आमचे ग्वाल्हेर-इंदूरचे वाचक यापुढे हा मान मिरवण्यास मोकळे आहेत.

या नवलाला नाव देण्यासाठी कोणतीही समिती बसली नाही. सोनाराच्या जंत्रीतून ओढली जाते ती तार, तंबोऱ्याला लावतात ती तार. तीच खांबांवरून गेली म्हणून तिलाही तार म्हटले. मग तिच्यातून जो निरोप येई त्यालाही लोक तार म्हणू लागले. 'तार आली' हे दोन शब्द उच्चारताच घरातील बायकांच्या हातची कामे थांबत, कारण सुखाची बातमी बहुधा पत्राने येई. पुढे तार कचेरी, तारमास्तर, तारायंत्र, जोडतार असा शब्दांचा संसारच उभा राहिला. साधनाचे नाव संदेशाला मिळाले, संदेशाचे भीतीला मिळाले. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली, पण मराठीतली तार काही तुटलेली नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सिरीयल म्हणजे नेमके काय?

विजेने निरोप पाठवण्याची कल्पना प्रथम सुचली तेव्हा सगळ्यांना एकच मार्ग दिसला : जितकी अक्षरे तितक्या तारा. म्युनिक येथील सोमरिंग या शरीरशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये जे यंत्र मांडले त्यात ३५ तारा होत्या, प्रत्येक अक्षराला व अंकाला एक. पलीकडच्या टोकाला प्रत्येक तार आम्लमिश्रित पाण्यात बुडवलेली. ज्या तारेशी बुडबुडे उठतील ते अक्षर वाचायचे. युक्ती सुंदर होती, पण मैलोगणती ३५ तारा ओढणार कोण? १८३७ मध्ये इंग्लंडात कुक व व्हीटस्टन यांनी पाच सुयांचे यंत्र केले आणि तारांची संख्या पाच-सहावर आणली. दोन सुया कलल्या की त्यांच्या रोखाने फळ्यावरचे अक्षर सापडे. तरीही खर्च परवडेना आणि एखादी तार बिघडली की अक्षरे गळू लागत. १८४४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन ते बाल्टिमोर मोर्सची तार सुरू झाली, तिच्यात खूण पाठवायला एकच तार पुरे होती. एका वेळी एकच खूण, एकामागून एक. वेळ लांबला, पण तांबे वाचले. अनेक तारांवरून एकदम जाणे हे पॅरलल, आणि एका तारेवरून ओळीने जाणे हे सिरीयल. दोहोंतला सौदा इतकाच.

मौज अशी की हीच गोष्ट दीडशे वर्षांनी पुन्हा घडली. १९७० नंतर संगणकाला छपाईयंत्र जोडण्यासाठी जी रुंद केबल आली तिच्यात आठ तारांवरून आठ बिट एकदम जात. आठ तारा म्हणजे आठपट वेग, हे गणित कोणालाही पटेल. पण वेग वाढवत नेला तेव्हा ते फसले. दिंडीत आठजण हातात हात घालून चालू लागले की कोणाचे पाऊल मागे पडते, कोणाचे पुढे जाते. सावकाश चालत असता ते खपते, धावू लागले की रांग विस्कटते. तारांचेही तसेच. आठही तारांची लांबी आणि गुण तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे आठ बिट एकदम निघाले तरी एकदम पोहोचत नाहीत. शिवाय शेजारच्या तारा एकमेकींच्या कानात कुजबुजतात ते वेगळेच. एकट्या धावणाऱ्याला ही अडचण नाही. म्हणून १९९६ मध्ये यूएसबी आली, तिच्या नावातील मधले अक्षरच सिरीयलचे आहे. पुढे संगणकाच्या पेटीतील चकतीची रुंद पट्टी गेली आणि बारीक 'साटा' केबल आली, तिच्यातील पहिला 'स'ही तोच. सोमरिंगकडून मोर्सकडे झालेला प्रवास आपल्या पिढीने डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा पाहिला, मात्र त्याला नाव देण्याचे काम आपण केले नाही.

लॅटिन भाषेत 'सेरेरे' म्हणजे ओवणे, एकात एक गुंतवणे. त्यावरून 'सीरीज' आणि मग सिरीयल. मराठीत मोत्यांच्या ओवलेल्या माळेला आपण सर म्हणतो. एका सराचा दागिना तो एकसरी. सोनाराकडे तार होती तसा हा सरही होताच. एका दोऱ्यात एकामागून एक ओवलेले मणी, हेच तर सिरीयल. कोशांतील 'अनुक्रमी' चुकीचा नाही. पण तो फक्त क्रम सांगतो, दोरा सांगत नाही. आम्ही यापुढे 'एकसरी' म्हणणार आहोत, आणि पॅररलसाठी रूढ असलेला 'समांतर' तसाच ठेवणार आहोत, कारण तो सर्वांना कळतो.

एकच तार आहे म्हटल्यावर दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येईल काय, हा प्रश्न उठणारच. व्हिएन्नाच्या गिंटल याने १८५३ मध्ये एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी संदेश पाठवण्याची रीत दाखवली. ती खऱ्या अर्थाने कामाला आली १८७२ मध्ये, अमेरिकेतील स्टर्न्स याच्या सुधारणांनंतर. डुप्लेक्स हा शब्द तेव्हापासूनचा. आपल्याकडे यासाठी शोधाशोध करण्याची गरजच नाही. रस्ता एकमार्गी असतो, वाहतूक दुतर्फा असते, आणि पोलिसांच्या बिनतारी संचावर एकाने 'ओव्हर' म्हटल्यावाचून दुसऱ्याला बोलता येत नाही, ते आळीपाळीचे. एकमार्गी, आळीपाळीचे, दुतर्फा : इंग्रजीतील तिन्ही जड शब्दांचा अर्थ एवढाच आहे.

मोर्सच्या खुणा माणसे कानाने ऐकून ओळखत. कोणते अक्षर आखूड, कोणते लांब. कान ते सांभाळून घेतो, यंत्राला ते जमत नाही. फ्रान्सच्या तार खात्यातील एमिल बोदो याने १८७४ मध्ये प्रत्येक अक्षराला सारख्याच पाच खुणा देऊन टाकल्या. पाच जागी विद्युत्प्रवाह आहे किंवा नाही, त्यातून ३२ जुळण्या होतात. त्याच्या यंत्राला पाचच पट्ट्या होत्या, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला, आणि तारमास्तराला यंत्राच्या ठेक्यावर त्या दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर चुकले. पेटी वाजवणाऱ्यांना हे दुःख सांगायला नको. या बोदोच्या नावावरून पुढे खुणांच्या वेगाचे एकक 'बॉड' ठरले : एका सेकंदात तारेची अवस्था किती वेळा बदलू शकते ते. बॉड आणि सेकंदाला जाणारे बिट एकच, असे पुष्कळ जण समजतात. एका बदलात एकच बिट जात असेल तर ते खरे. एका बदलात दोन बिट बसवले, जसे पुढच्या काळातील मोडेमांनी केले, तर ६०० बॉडमध्ये १२०० बिट जातात. बिट हा शब्द मात्र बराच अलीकडचा. क्लॉड शॅनन याने तो १९४८ च्या आपल्या लेखात छापला आणि त्याचे श्रेय जॉन टुकी या सहकाऱ्याला दिले.

ठेक्याचा प्रश्न तरी उरलाच. दोन गावांतील दोन यंत्रे एकाच तालात फिरवायची कशी? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत क्रम पितापुत्रांनी जो तोडगा काढला तो आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी सतत ताल राखण्याचा हट्टच सोडला. प्रत्येक अक्षरापूर्वी एक 'सुरू' अशी खूण, अक्षरानंतर एक 'थांब' अशी खूण. 'सुरू' आली की घेणारे यंत्र आपले घड्याळ तेथून नव्याने मोजू लागते. अक्षर संपले की थांबते. दोन घड्याळे थोडी मागेपुढे असली तरी चूक साचत नाही, कारण दर अक्षराला हिशेब नव्याने सुरू होतो. शंभरात तीन-चारांचा फरकही खपून जातो. यालाच असिंक्रोनस म्हणतात. आजही त्या शाळेतील टेबलावरच्या पट्टीत हीच 'सुरू' आणि 'थांब' चालू होती, शंभराहून अधिक वर्षे जुनी.

तिच्यात आणखी एक जुनी आठवण जपलेली आहे. एकसरी तार रिकामी असताना, म्हणजे कोणीही बोलत नसताना, तिची अवस्था 'एक' मानतात, शून्य नव्हे. नवशिक्यांना हे उलटे वाटते. कारण असे की, दूरमुद्रकांच्या तारेतून निवांत वेळीही प्रवाह वाहता ठेवत. तार कोठे तुटली तर प्रवाह थांबे आणि कचेरीत ते ताबडतोब कळे. प्रवाह असणे ही 'मार्क', म्हणजे पूर्वी कागदी पट्टीवर उमटणारी शाईची खूण. नसणे ती 'स्पेस', कोरी जागा. आणि बराच वेळ कोरीच जागा येत राहिली तर तो 'ब्रेक', तार तुटल्याची वर्दी. आता शाई गेली, पट्टी गेली, आणि १९६० मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आरएस-२३२ या प्रमाणाने प्रवाहाऐवजी विद्युत्दाबाची भाषा आणली; पण मार्क, स्पेस आणि ब्रेक हे शब्द त्यातही राहिले.

वेगाचा अंदाज यावा म्हणून आपल्या गावाचेच नाव पाठवून पाहू. ५० बॉडच्या दूरमुद्रकावर इंग्रजी सात अक्षरांतील 'बेलगाम' पाठवायचे तर प्रत्येक अक्षराला साडेसात खुणांचा वेळ लागे. एकूण सेकंदाहून किंचित जास्त. आता मराठीत, युनिकोडमध्ये, 'बेळगाव' लिहू. ब, त्यावरची मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हे. रूढ यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८ बाइट. प्रत्येक बाइटला 'सुरू' व 'थांब' धरून दहा बिट, म्हणजे १८० बिट. ९६०० च्या वेगाने ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागातच पलीकडे जातात. जुन्या वळणाने 'बेळगांव' असे अनुस्वारासह लिहिले तर ३० बिट जास्त. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले तेव्हा त्या समितीला हा फायदा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वाटेत एखादा बिट बिघडला तर? त्यासाठी 'पॅरिटी' नावाची साधी पहारेदारी असते. अक्षरातील एकांची संख्या मोजायची. ती विषम असेल तर आणखी एक 'एक' जोडून सम करायची, सम असेल तर शून्य जोडायचे. पलीकडे संख्या विषम निघाली की समजावे, वाटेत घोळ झाला. चिंचोक्यांनी एकीबेकी खेळलेल्या कोणत्याही मुलाला हे एका वाक्यात कळते. मग त्याला एकीबेकीच म्हणायला लाज का वाटावी?

हँडशेक या शब्दाचेही तसेच. त्याचे भाषांतर करून 'हस्तांदोलन' लिहिणारे लोक आहेत, आणि वाचणाऱ्याला दोन पुढारी दिसू लागतात. अर्थ इतकाच की, पाठवण्यापूर्वी पलीकडच्याला विचारा, तो तयार असेल तरच पाठवा. मिरज-लोंढा मार्गावर एकेरी रुळांच्या काळात ज्यांनी प्रवास केला आहे त्यांनी हे रोज पाहिले आहे. या स्थानकाचा मास्तर घंटेच्या खुणांनी पुढच्या स्थानकाला विचारी, तिकडून 'लाईन क्लिअर' मिळे, मग टोकन निघे आणि ते चालकाच्या हाती पडल्यावाचून गाडी हलत नसे. मुलांना लाईन क्लिअर सांगा, हँडशेक समजावावे लागणार नाही. आणि हे सारे कोणत्या रीतीने करायचे याचा दोन यंत्रांत आधीच ठरलेला नियम तो प्रोटोकॉल. त्याचे मूळ ग्रीक, अर्थ कागदाच्या गुंडाळीला चिकटवलेले पहिले पान. आपल्या जुन्या दप्तरांत यासाठी शिरस्ता होता. फारसीत 'सर-रिश्ता' म्हणजे धाग्याचे टोक, त्यावरून तो आला. धाग्याचे टोक हाती असणे, म्हणजे शिरस्ता माहीत असणे. तारेच्या परिभाषेला याहून जवळचा शब्द आम्हांस दिसत नाही.

मग तार गेली. १८८८ पर्यंत हर्ट्झने विद्युत्चुंबकीय लहरी दाखवून दिल्या होत्या, जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यास त्यांचे जाहीर प्रयोग केले, मार्कोनीने १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिकपार खूण पोहोचवली. या नव्या साधनाला जगाने जे नाव दिले ते नकारातून दिले : जिला तार नाही ती. आमच्या वाचकांच्या गावांवरून नजर फिरवली तर हे विलक्षण दिसते. महाराष्ट्रात आपण बिनतारी म्हणालो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत ते बेतार झाले. निजामाच्या हैदराबादेत राज्यकारभार उर्दूत चाले; उर्दूने अरबी 'सिल्क', म्हणजे धागा किंवा तार, घेऊन लासिल्की केले. बेळगावात शेजारच्या कन्नडाने निस्तंतु घडवले. गोव्यात पोर्तुगीज 'सें फियुश' म्हणत, तारांविना. पाच भाषा, पाच कारभार, आणि शब्दाची घडण मात्र एकच. कोणी कोणाची नक्कल केली असे म्हणण्यापेक्षा, तार सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिचा अभावच प्रथम डोळ्यांत भरला, असे म्हणणे अधिक रास्त.

सीमेवरच्या माणसाला बिनतारीचा आणखी एक गुण ठाऊक आहे. तार नाक्यावर तोडता येते, लहर तोडता येत नाही. १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी गोव्याच्या हद्दीबाहेर, सीमेलगतच्या रानात राहून, गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. पोर्तुगीज सरकारला नाकी बसवता आली, आवाज अडवता आला नाही.

असे शब्द शेजारी शेजारी मांडून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे पूर्वी होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' प्रसिद्ध करविला; त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द एका ओळीत दिले आहेत. शेजाऱ्याने काय केले ते आधी पाहायचे, मग आपले ठरवायचे. हे काम एका संस्थानाने केले, आणि तेही मराठी मुलखाबाहेरच्या.

अलीकडची नावे थोडक्यात उरकतो. ब्लूटूथ हे दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हारल्ड याचे टोपणनाव; वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणण्याच्या कामाला तात्पुरते म्हणून घेतले आणि १९९८ नंतर तेच कायम झाले. विशेषनामाचे भाषांतर करू नये. 'नीलदंत' म्हणून कोणाचेही भले झालेले नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निराळीच आहे : १९९४ मध्ये एरिक्सन कंपनीत हे काम सुरू झाले ते आरएस-२३२ ची केबल काढून टाकण्यासाठी, आणि ब्लूटूथच्या पोटात आजही एक काल्पनिक एकसरी तार आहे. संगणकाला वाटते तार जोडलेली आहे. प्रत्यक्षात ती नसते. वायफाय हे १९९९ मध्ये बाजारासाठी घडवलेले नाव, त्याचा विस्तार शोधू नये.

आमचा व्यवहार आता असा राहील. बॉड, बिट, यूएसबी, ब्लूटूथ ही नावे जशीच्या तशी. एकसरी, समांतर, दुतर्फा, आळीपाळीचे, एकीबेकी, शिरस्ता, बिनतारी हे शब्द मराठीत. त्या शाळेतील शिक्षकांना आम्ही ही यादी दिली. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर एक माळ काढली आणि त्याखाली 'एकसरी' लिहिले. त्या मुलीने विचारले, 'मग मण्यांच्या मधली गाठ म्हणजे थांब का?' आम्ही हो म्हटले.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद व गोवा येथील वाचकांच्या घरी जुनी माणसे असतील, विशेषतः ज्यांनी तार किंवा रेल्वे खात्यात चाकरी केली असेल, त्यांना विचारून हे कळवावे : मोर्सच्या आखूड आणि लांब खुणेला ते आपसांत काय म्हणत? तार तुटली, आवाज मिसळले, पलीकडून उत्तर येईना, यांसाठी त्यांच्या बोलण्यात कोणते शब्द होते? शब्द ज्या गावचा, त्या गावाच्या नावासह तो येथे नोंदवू.